ज्या वेगानं बाप चालायचा

दुकानदारानं रेकॉर्ड लावली ती मार्लाला खूश करायला, आणि नेमकं तिथंच सगळं बिनसलं. खरं तर ती दुकानात गाणी ऐकायला शिरलीच नव्हती. अ‍ॅक्रनमधला नोव्हेंबरचा वारा कानात घुसत होता, थिएटरमधली, संध्याकाळच्या कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी तासभर पुढे गेली होती, आणि त्या थिएटरच्या दारावर लागलेल्या पोस्टरमधली तिची स्वतःची चोविशीतली छबी तिला बघवत नव्हती, म्हणून ती दोन चौक मागं चालत आली आणि जुन्या रेकॉर्डींच्या दुकानाचं दार ढकलून आत उभी राहिली. काउंटरमागचा टकल्या माणूस तिच्याकडे निरखून बघायला लागला. ती नजर तिला पाठ होती. आधी शंका, मग खात्री, मग थोडी हळहळ, की अरे, किती म्हातारी झाली ही. "तुम्ही मार्ला हुडाक ना?" तो म्हणाला. "आमच्या लग्नात आम्ही तुमच्या 'तीनचा भोंगा'वर नाचलो होतो." सगळेच नाचले होते. निम्म्या अमेरिकेनं आपापल्या लग्नात त्या गाण्यावर बुटांचे तळवे झिजवले होते, आणि त्यातल्या एकालाही ते कारखान्याला निघालेल्या माणसाचं गाणं आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती हसली. हे हसूही पाठ होतं. तेवढ्यात त्यानं खोक्यातून तीच रेकॉर्ड काढली, यंत्रावर ठेवली आणि सुई टेकवता टेकवता म्हणाला, "यंत्राचा पट्टा ढिला झालाय, जरा रेंगाळतं. मनावर घेऊ नका."

आधी गिटार आली. मग ढोल. आणि मग एक बाई गायला लागली, आणि मार्लानं मान वर केली. कारण ही बाई तिच्या ओळखीची होती. रेडिओवरची, लग्नांतली, फुटबॉलच्या मैदानावरची ती चिरक्या, लाडिक गळ्याची पोर नव्हती ही. हा आवाज भरलेला होता, थोडा घोगरा, शब्दाच्या शेवटी जरा खाली बसणारा. घरी भांडी घासताना येतो तो. आजही येतो तो. मार्लानं काउंटरची कड धरली. गाणं ढिल्या पट्ट्यावर डुलत होतं, कुठं कुठं स्वर हेलकावत होता, पण मधेच एक सबंध कडवं सरळ गेलं आणि त्या कडव्यात तिला पाऊल ऐकू आलं. एक पाऊल पडतं, दुसरं नुसतं टेकतं. एक पडतं, दुसरं टेकतं. तिचा बाप चालत होता. पस्तीसएक वर्षांत त्या गाण्यात तिला तो कधी चालताना ऐकू आला नव्हता, आणि आता एका मोडक्या यंत्रात तो निवांत, डबा हातात घेऊन, आपल्या वेगानं चालला होता. "बंद करू का?" दुकानदारानं विचारलं. "यंत्र दुरुस्त करायचंय मला कधीचं." "नको," ती म्हणाली. "अजिबात दुरुस्त करू नका." मग गाणं शेवटाकडे आलं, आणि बाप पुलापाशी पोचायच्या आतच नेहमीसारखं हळूहळू विरत जाऊन बंद पडलं.

बापाला ती रोज पुलावरच भेटायची. इथल्याच, अ‍ॅक्रनच्या टायर कारखान्यात त्याची तीनची पाळी. ती शाळेतून परतायची तेव्हा तो निघायचा, आणि रात्री तो घरी यायचा तेव्हा ती झोपलेली असायची. त्यामुळे बाप म्हणजे पूल, असंच तिचं लहानपण गेलं. खाली कालव्याचं काळं पाणी, हवेत जळक्या रबराचा वास, इतका कायमचा की गावाबाहेर गेलं की हवा बेचव लागायची. समोरून तो यायचा. साच्याखाली सापडून गुडघा गेलेला, म्हणून ती चाल. पाऊल पडलं, पाऊल टेकलं. ती धावत सुटायची, तो मात्र कधी वेग वाढवायचा नाही. वाढवताच यायचा नाही त्याला. पुलाच्या मध्यावर तो थांबायचा, हातमोजा काढून तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, डब्यातल्या सँडविचचा अर्धा तुकडा तिच्या हातात द्यायचा, आणि भोंगा व्हायचा. बस. एवढाच बाप तिच्या वाट्याला आला. आई म्हणायची, "अगं, त्याचं जेवण खातेस, त्याला उपाशी ठेवतेस." पण तो आईला मुद्दाम दोन जास्तीचे काप ठेवायला लावतो, हे आईलाही माहीत होतं आणि तिलाही. बाप गेला त्या हिवाळ्यात तिनं गाणं लिहिलं. गिटारवर तिला काही केल्या ताल सापडेना. शेवटी तिनं डेल्बर्टला, शेजारच्या गल्लीतल्या ढोलवाल्या पोराला, स्वयंपाकघरात बसवलं आणि फरशीवर स्वतः लंगडत चालून दाखवलं. डेल्बर्टनं टेबलावर बोटांनी तो पाय वाजवला. "असा?" "सावकाश," ती म्हणाली. "माझ्या बापाला घाई नव्हती." तेव्हा कुठं गाणं उभं राहिलं.

मग न्यूयॉर्क. कंपनीनं नेमलेला निर्माता ऑर्सन टिल्मन, मऊ आवाजाचा, मऊ स्वेटरातला माणूस, सगळ्यांना 'राजा' आणि 'राणी' म्हणणारा. "राणी, काय गातेस," असं म्हणत त्यानं डेल्बर्टच्या ढोलावर तिच्याकडून 'तीनचा भोंगा' गाऊन घेतलं, डोळे पुसल्यासारखं केलं, आणि तिला बसमध्ये बसवून घरी पाठवलं. पुढची कामं आम्ही करतो, म्हणाला. तशी पद्धतच होती. गाणारीनं गावं आणि निघावं. टेपचं काय करायचं ते काच लावलेल्या खोलीतली माणसं ठरवणार. महिन्याभरानं आईच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ते गाणं लागलं तेव्हा ती चमकली. हा माझा आवाज? एवढा बारीक? आई मात्र नाचायला लागली होती. पोरी, किती गोड, म्हणत होती. आणि स्वतःचा आवाज स्वतःला परका वाटतो, असं सगळेच म्हणतात. रेकॉर्ड कंपनीतल्या पोरीनं म्हटलं, डेल्बर्टच्या बायकोनं म्हटलं, वर्तमानपत्रवाल्यानं म्हटलं. जगच सांगतंय म्हटल्यावर मार्लानं मान्य केलं. चोविसाव्या वर्षी माणूस काय वाट्टेल ते मान्य करतो.

दौऱ्याची तालीम सुरू झाली आणि गिटार काही रेकॉर्डशी जुळेना. जुळवायला जावं तर रेकॉर्ड दोन सुरांच्या मधे कुठं तरी लटकलेली. कुणाही शहाण्यानं विचारलं असतं, असं का? पण वादकांच्या खोलीत असं कुणी विचारत नाही. तिथं रेकॉर्ड म्हणजे प्रमाण. ती चुकत नाही, चुकते ती तुमची तार. पियानो वाजवणाऱ्यानं खांदे उडवले, म्हणाला, मधला सूर माझ्याकडे नाही, वरचा घेऊ या, लोकांना चढं आवडतं. आणि वरचा घेतला. म्हणजे आधीच टिल्मनच्या खोलीत कुणीतरी टेपचं चाक पळवून तिचा आवाज वर ढकललेला, आणि त्याच्यावर आणखी हा एक टप्पा. त्या सुरात ती रोज रात्री गायली. गायली कसली, किंचाळली. दुसऱ्या वर्षी घशात गाठ आली. डॉक्टरांनी गाठ काढली आणि बोलायला बंदी घातली. महिनोन्‌महिने ती पाटीवर लिहून दूध मागत होती. उठल्यावर आवाज खाली बसलेला. 'हुडाकचा आवाज राहिला नाही', असं छापून आलं, आणि ते तिनं कापून ठेवलं नाही तरी ते कायम तिच्याजवळ राहिलं. पुढच्या चार रेकॉर्डी कुणी ऐकल्या नाहीत. बोलिंगच्या क्लबात गायली, मोटारींच्या प्रदर्शनात गायली, पोरांना गिटार शिकवली, आणि प्रत्येक वेळी 'तीनचा भोंगा' आलं की तोंड उघडायच्या आधी तिला लाज वाटायची. कधी काळी आपल्याला जे जमत होतं ते आता जमत नाही याची लाज. सगळं आयुष्य ती त्या पोरीच्या मागं धापा टाकत पळाली होती. आणि आज, एका ढिल्या पट्ट्याच्या कृपेनं तिला कळत होतं, की त्या पोरीला ते कधीच जमलेलं नव्हतं. ती पोर नव्हतीच. एका मऊ स्वेटरातल्या माणसानं ती बटण फिरवून तयार केली होती.

दुकानातून बाहेर पडताना ती दुकानदाराला धन्यवाद म्हणाली की नाही, तिला आठवेना. वारा आता समोरून येत होता. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो संताप. चांगला, उबदार, जुन्या ओळखीचा संताप, हुडाकांच्या घरातला. माझा आवाज नेला ते एक वेळ चाललं असतं, तिच्या मनात आलं. पण माझ्या लंगड्या बापाला यांनी पळवला. पस्तीसएक वर्षं पळवला, लग्नांत, मैदानांवर, साबणाच्या जाहिरातीत. आणि पुलापर्यंत पोचूही दिला नाही.

थिएटरच्या मागच्या खोलीत डेल्बर्ट कागदी ताटलीत आंबट कोबीचे तळलेले गोळे घेऊन बसला होता. या गावात आल्यावर तो आधी ते शोधायचा, मग झोपायची जागा. आता त्याचं पोट सुटलं होतं, दाढी पांढरी झाली होती, पण बोटं ताटलीच्या कडेवर सुद्धा स्वस्थ बसत नव्हती. जुनी गाजलेली गाणी गावोगाव नेणाऱ्या या दौऱ्यात बाकी सगळे वादक कालची पोरं. डेल्बर्टला घ्या नाहीतर मी येत नाही, एवढा एकच हट्ट मार्लानं केला होता.

"आलीस का महाराणी? घे, गरम आहेत."

"डेल, टेप पळवली होती ना रे त्यांनी?"

त्यानं गोळा तोंडात टाकला होता, तो तसाच गालात राहिला. मग सावकाश चावून, गिळून तो म्हणाला, "तुला आज कळलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"अगं, मी ढोल वाजवतो. मी कुठल्या वेगानं वाजवलं ते मला कळणार नाही? रेडिओवर ऐकलं तेव्हाच म्हटलं, हे आपण एवढं भरभर कुठं वाजवलं होतं." तो तिच्याकडे बघेना. "मला वाटलं, तुला विचारून केलं असेल त्यांनी. मग सगळीकडे वाजायलाच लागलं. तुझा फोटो दुकानादुकानात. मी म्हटलं, आपण कशाला खोडा घाला? पुढे तुझा घसा गेला तेव्हा वाटलं, आता सांगून काय उपयोग."

"घसा गेला नव्हता."

"हो का? मग पाटीवर काय चित्रं काढत होतीस?"

"गेला नव्हता, डेल. घरी आला होता, जिथला होता तिथं." हे बोलल्यावरच तिला ते पटलं. ती त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली. त्याच्यावर चिडायची तिची तयारी होती, पण त्याचा तो पडलेला चेहरा बघून ते जमेना, आणि तिला त्याचाही राग आला. "आज मी ते माझ्या सुरात गाणार आहे. ज्या वेगानं बाप चालायचा त्या वेगानं. आणि त्या यंत्रातल्या बाईशिवाय."

यंत्रातली बाई म्हणजे दौऱ्याची खरी नायिका. रंगमंचामागच्या लॅपटॉपमध्ये जुन्या रेकॉर्डवरून सोडवून घेतलेला तो चिरका आवाज भरून ठेवला होता. ढोलाशेजारचं पायबटण डेल्बर्टनं दाबलं की त्याच्या कानात टिकटिक सुरू व्हायची, सगळी पोरं त्या टिकटिकीच्या मागं धावायची, आणि ध्रुवपदाला ती चोविशीतली पोर मोठ्यांदा गायची. मार्लानं नुसते ओठ हलवले तरी चालायचं. दोन गावांत तिनं तेच केलं होतं. टाळ्या कडकडून पडल्या होत्या, आणि हॉटेलात जाऊन तिनं गरम पाण्याखाली अर्धा तास घालवला होता.

आवाजाच्या तपासणीत तिनं हे दौऱ्याची व्यवस्था बघणाऱ्या ट्रिशा बोलंडच्या कानावर घातलं. चोरून करायचं नव्हतं तिला. ट्रिशा चाळिशीची, कामाची बाई. ती ओरडली वगैरे नाही. तिनं मार्लाचा हात हातात घेतला, आणि तेच मार्लाला जास्त लागलं.

"मार्ला, मी तुमच्या बाजूची आहे. पण लोक येतात ते त्या मुलीला भेटायला. त्या गाण्यावर त्यांनी प्रेमं केलीत, लग्नं केलीत. तुम्ही त्यांच्यापासून ते का काढून घेता?"

"ती मुलगी नव्हतीच कधी. माझा आवाज असा होता. ऐक, असा." आणि मार्लानं तिथंच, रिकाम्या खुर्च्यांसमोर, पहिली ओळ गाऊन दाखवली.

ट्रिशानं मनापासून ऐकलं. "छान आहे," ती म्हणाली. "खरंच. घरी म्हणायला छान आहे. पण करारात रेकॉर्डप्रमाणे असं लिहिलंय. आज तुम्ही असं केलंत तर उद्या सकाळी बसमध्ये तुमची जागा नसेल, आणि वसंतापर्यंतचा दौरा दुसरं कुणीतरी करेल. डेल्बर्टचंही तेच. विचार करा."

"केला," मार्ला म्हणाली. पण डेल्बर्टचं नाव आल्यावर ती गडबडली होती. खोलीत परतल्यावर तिनं त्याला सरळ विचारलं. घरी त्याची बायको आजारी होती, हा दौरा त्याला हवा होता, आणि पायबटण त्याच्या पायाखाली होतं. त्यानं ते दाबलं तर ती कितीही वेगळं गावो, यंत्रातली बाई तिला बुडवून टाकणार होती. "तू नाही म्हणालास तर मी समजेन," ती म्हणाली. डेल्बर्टनं ताटलीतला शेवटचा गोळा दोन भाग करून अर्धा तिच्याकडे सरकवला. आता याचा अर्थ काय लावायचा? त्याला पुलावरच्या त्या सँडविचचं ठाऊक होतं की नव्हतं, हे तिला आठवेना. तिनं तो अर्धा गोळा खाल्ला. तोवर थंड झाला होता.

संध्याकाळी थिएटर भरलं. आपलीच माणसं, जाड जाकिटं, लाल नाकं, बायकोचा कोट मांडीवर घेऊन बसलेले नवरे. तिचं नाव पुकारल्यावर गाववाल्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. तिनं आधीची गाणी नीट म्हटली, गुमान म्हटली. शेवटचं राहिलं ते. पोरांनी जागा घेतल्या. लोक आधीच उभे राहायला लागले होते, नाचायला. मार्ला माइकजवळ गेली आणि काही न बोलता गिटारच्या खुंट्या पिळायला लागली, खाली, आणखी खाली. तारा सैलावत रेकल्या. पियानोवरच्या पोरानं तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. तिनं त्याला हातानं गप्प बस अशी खूण केली. पडद्याआड ट्रिशा उभी होती, हाताची घडी घालून. ती अडवायला पुढे येत नव्हती, एवढं तिचं मोठेपण. सभागृहात कुजबूज वाढली. कुणीतरी ओरडलं, "मार्ला, चालू दे की." तिला दरदरून घाम फुटला होता. तिला वाटलं, चुकतेय मी. या लोकांचा काय दोष. गा बाई त्यांना हवं ते आणि जा घरी. आणि त्याच वेळी तिला हेही कळत होतं की आज जर ओठ हलवले तर उद्यापासून भांडी घासताना सुद्धा आपण गाणार नाही.

तिनं मागं वळून पाहिलं. डेल्बर्टचा पाय पायबटणावर होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, ढोलाच्या कातड्याकडे बघत होता, आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मग त्यानं कानातली ती टिकटिकीची गुंडी उपटून खिशात टाकली, पाय उचलून मोठ्या ढोलाच्या पायपट्टीवर ठेवला, आणि विचारलं, "असा?" एक ठोका पडला. दुसरा नुसता टेकला.

"सावकाश," मार्ला म्हणाली. माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

तिनं गायला सुरुवात केली. नाचायला उभे राहिलेले लोक पहिल्या कडव्याभर तसेच उभे राहिले, हात अर्धवट वर, आणि मग त्यांना काय करावं ते समजेना. काही बसले. मागच्या रांगेतून एक शिट्टी आली, कुणीतरी "जोरात गा" म्हणालं, एक जोडपं कोट उचलून निघून गेलं. त्यांची पावलं तिला ऐकू आली, आणि तिला वाईट वाटलं, पण थांबावंसं नाही वाटलं. आवाज कुठंही अडत नव्हता. कुठंही वर चढून हाका मारायच्या नव्हत्या. भोंगा व्हायला अजून वेळ होता, बाप गल्लीतून निघाला होता, डबा हातात, रबराचा वास नाकात. ध्रुवपद आलं आणि यंत्रातली बाई आली नाही. तिच्या जागी एवढी शांतता झाली की डेल्बर्टच्या खुर्चीची करकर ऐकू आली, आणि मार्लानं त्या शांततेत ते ध्रुवपद एकटीनं म्हटलं, घोगरं, खाली बसणारं, एकसष्टीतलं, आणि लाज वाटली नाही. वाट बघत होती ती, नेहमीची ती लाज यायची. आली नाही.

रेकॉर्ड जिथं विरून जायची तिथं गाणं आलं. आजवर दर वेळी वादक इथं थांबायचे, टाळ्या व्हायच्या. काही लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवातही केली. डेल्बर्ट थांबला नाही. पाऊल पडलं, पाऊल टेकलं. शेवटचं कडवं त्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात आणि न्यूयॉर्कच्या त्या काचेच्या खोलीत, एवढं दोनदाच म्हटलं गेलं होतं. टाळ्या गोंधळून थांबल्या. मार्लानं डोळे मिटले नाहीत. तिला सगळे दिसायला हवे होते. तिनं गायलं की शाळा सुटली, की पूल आला, की समोरून पोर धावत येतेय आणि बाप आपल्या वेगानं येतोय, त्याला घाई नाही. पुढून तिसऱ्या रांगेत एका थोराड म्हाताऱ्यानं, पाळीवरून सुटल्यावर काढतात तशी, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पुलाच्या मध्यावर बाप थांबला. त्यानं हातमोजा काढला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.